शब्दचर्चा: ‘कशाला एवढं?’, ‘फुलाची पाकळी’ आणि कौतुक

प्रश्न

भाऊबीजेला माहेरी गेले होते. भावाला ओवाळलं, त्यानं ताटात पाकीट ठेवलं, आणि त्याच्यामागून त्याची सात वर्षांची लेक पुढं झाली. तिनं ताटात ठेवली काड्यापेटी. वरून जांभळा पतंगाचा कागद, आत घड्या घातलेली लांब पट्टी आणि पट्टीवर खडूनं काढलेला सगळा फराळ. चकलीचे वेढे पार कागदाबाहेर गेलेले. शेवटी चिवड्याची वाटी, खाली लिहिलेलं: ‘शेंगदाने काढले आहेत’. मी चिवड्यातले दाणे वेचून बाजूला ठेवते, हे या पोरीनं कधी टिपलं कोण जाणे! डिंक अजून ओला होता, ताटातल्या चार अक्षता पेटीला चिकटल्या.

आणि मी काय बोलले? ‘अगं, कशाला एवढं?’

ती म्हणाली, ‘म्हणजे नको होतं का, आत्या?’

भाऊ सावरायला धावला, ‘असू दे गं, फूल ना फुलाची पाकळी.’ त्यावर ती आणखी गोंधळली. ‘फूल नाहीये, फराळ आहे.’

अशा वेळी आपण मराठीत नेमकं काय म्हणतो? ‘आभारी आहे’ घरात कोण म्हणतं? ‘भावना पोचल्या’ म्हणावं, तर तो आता टोमणा झालाय.

प्रतिसाद

भावाचं चुकलंच. ‘फूल ना फुलाची पाकळी’ हे देणाऱ्यानं स्वतःच्या देण्याबद्दल म्हणायचं असतं. दुसऱ्यानं म्हटलं की ती नम्रता राहत नाही, मोजमाप होतं. ‘सुदाम्याचे पोहे’ही तसंच. भागवताच्या दशम स्कंधात पोह्यांची लाज वाटते ती सुदाम्याला. श्रीकृष्ण उलट विचारतो, घरून माझ्यासाठी काय आणलंस? आणि लपवलेली पुरचुंडी ओढून घेऊन मूठभर तोंडात टाकतो. ‘कशाला आणलंस’ म्हणत नाही. ‘कशाला एवढं’ ही मोठ्यांची आपापसातली रीत आहे. दोघांनाही ठाऊक असतं की हा प्रश्न नव्हे. सात वर्षांच्या मुलीला तो प्रश्नच वाटणार.

प्रतिसाद

तुम्हाला हवा असलेला शब्द ‘कौतुक’. त्याचा प्रवास मजेशीर आहे. संस्कृतात कौतुक म्हणजे आधी कुतूहल, नवल. मग उत्सव. लग्नात मनगटाला बांधायचा मंगल दोराही कौतुकच. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात कालिदासानं ‘विवाहकौतुक’ वापरलाय तो त्याच अर्थानं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ मध्येही आजचा शाबासकीचा अर्थ धरला तर ओवी बिघडते. तिथं लीलेनं, सहज असा भाव आहे. शाबासकी ही नंतरची छटा.

आता क्रियापदं बघा. ‘कौतुक वाटतं’ ते आत, ‘कौतुक करतो’ ते चारचौघांत. वाटल्याशिवायही करता येतं, आणि मुलांना तो फरक बरोब्बर कळतो. आणखी एक, कौतुक बहुधा वरून खाली वाहतं. मुलीचं करतो, साहेबांचं करायला लागलो की लोक वेगळ्या नजरेनं बघतात.

प्रतिसाद

आमच्याकडे खानदेशात ‘कौतिक’ हे माणसाचं नाव असतं. नवसासायासानं झालेल्या मुलाला शोभावं असंच आहे.

प्रतिसाद

कौतुक ठीक, पण अनेकवचन जपून वापरा. ‘कौतुक’ गोड, ‘कौतुकं’ कडू. ‘सुनेचं कौतुक करते’ आणि ‘सुनेची कौतुकं ऐका आता’, या दोन सासवा वेगळ्या. कोडकौतुकात तर लाडच जास्त. मला विचाराल तर इथं ‘अप्रूप’ जास्त बसतं. पाकिटाचं कुणाला अप्रूप नसतं, दरवर्षी मिळतं. दाणे काढलेल्या चिवड्याचं असतं.

प्रतिसाद

अप्रूप वाटतं, पण सांगायचं कसं? ‘मला याचं अप्रूप आहे हं बाळा’ कुणी बोलतं का? वरती कौतुकाचा जुना अर्थ कुतूहल दिलाय, तोच वापरून बघा. पेटीबद्दल काहीतरी विचारा. आमचा नातू ‘छान आहे’ ऐकून निघून जातो, पण ‘हे कसं चिकटवलंस?’ विचारलं की अर्धा तास हलत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री फोन लावला. छान, सुंदर काही म्हटलं नाही. पट्टी समोर धरून विचारलं, ‘यात करंज्या कुठं दिसत नाहीत गं?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, ‘त्या बाबांनी संपवल्या. तू येण्याआधीच. त्यांना सांगू नको, मी सांगितलं म्हणून.’