‘वायर सैल असेल!’ – विज्ञानाची बातमी ऐकून तुमच्या घरात पहिलं वाक्य काय निघालं?

सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो (अणूहूनही बारीक कण) ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, अशी बातमी आली. मी घरभर नाचत होते. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला की काय! बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर न काढता म्हटलं, "कुठेतरी वायर सैल असेल."

बाबांची सगळी नोकरी यंत्रांच्या दुरुस्तीत गेली. त्यांच्या लेखी जगातले निम्मे चमत्कार सैल जोडणीतून होतात. मी जाम चिडले. अहो, तीन वर्षं मोजमापं घेतलीत, पंधरा हजारांच्या वर न्यूट्रिनो मोजलेत, आणि तुम्ही वायर काय म्हणता? २०१२च्या फेब्रुवारीत कळलं: जीपीएसची वेळ संगणकापर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती, त्यामुळे वेळ चुकीची मोजली गेली होती. बाबांनी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. अजून आहे.

तर असे अनुभव हवेत. बातमीचं विश्लेषण नको. तुम्ही, आजी, शेजारचे काका, वर्गातलं एखादं पोर, कोण काय बोललं आणि पुढे काय झालं ते सांगा. शंका खरी ठरली असेल तर सांगाच, पण तोंडावर आपटला असाल तर आधी सांगा.

* * *

आजीला तीस वर्षं मधुमेह आहे. ‘मधुमेह आता कायमचा बरा होणार’ छापाची बातमी मी वाचून दाखवली की तिचा एकच प्रश्न असतो: "माणसात की उंदरात?" मी खाली खाली वाचत जातो आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात उंदीर सापडतो.

"उंदरांचं चांगलं चाललंय हो," असं म्हणून ती आपली गोळी घेते.

* * *

मी फार्मासिस्ट आहे. एकदा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, माझ्या गोळीने धोका दुप्पट होतो म्हणे. उद्यापासून बंद." मी विचारलं, दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? तिने बातमी पुन्हा वाचली. मग मी वाचली. कुठेही नव्हतं.

या ‘दुप्पट’ शब्दाचा मला धसका आहे, त्याला कारण आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा खोटा नव्हता. आधीच्या गोळ्यांनी सात हजारांत एका बाईला त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांनी दोघींना. पण लोकांपर्यंत पोचली ती फक्त ‘शंभर टक्के वाढ’. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्यातही गंमत (गंमत कसली!) अशी की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बातमी खरी, पण उपयोगाची नाही?" डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करणार नाही, एवढं वचन घेऊन मी झोपले. आता ती मलाच पकडते. मी सहज म्हटलं, आज कामावर दुप्पट गर्दी होती, की लगेच, "कशाच्या दुप्पट?"

* * *

माझा अनुभव तोंडावर आपटल्याचा आहे, निदान अर्धा.

फोटो काढणं आणि नीटनेटके करून देणं हाच माझा धंदा. १२ जुलै २०२२ ला जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले फोटो आले तेव्हा मी घरात जाहीर केलं, "रंग भरलेत. मला शिकवू नका." सगळे वा वा करत होते, मी नाक मुरडत होतो. भाची फिजिक्स शिकते. ती शांतपणे म्हणाली, "मामा, भरलेलेच आहेत. नाही कोण म्हणतंय?"

ती दुर्बीण मुख्यतः इन्फ्रारेड बघते, जे आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. वेगवेगळ्या फिल्टरमधून कृष्णधवल फोटो घेतात, मग सगळ्यांत लांब लहरींना लाल, सगळ्यांत आखूड लहरींना निळा, मधल्यांना मधले, असे रंग देतात. मी म्हटलं, मग खोटंच की ते! तर म्हणे, "अंधारातला फोटो तू उजळून देतोस तेव्हा तो माणूस खोटा होतो का?"

मला उत्तर सुचलं नाही. रंग भरलेत हे माझं बरोबर होतं, त्यावरून फसवणूक आहे हे मी परस्पर जोडलं. तरी एक तक्रार राहतेच. मूळ फोटोबरोबर कुठल्या फिल्टरला कुठला रंग दिला ते लिहिलेलं असतं. आपल्यापर्यंत येईतो ती ओळ कुठे गळते?

* * *

गळलेल्या ओळीवरून आठवलं. दर ऑगस्टमध्ये काकांचा मेसेज येतो: या महिन्यात मंगळ चंद्राएवढा दिसणार, गच्चीवर जा. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ खरंच खूप जवळ आला होता, म्हणजे साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. मूळ मजकूर असा होता की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. दुर्बीण वाटेत पडली, मेसेज चालतच राहिला. काकांना तीनदा सांगून झालं. आता मी ‘हो काका, जातो’ म्हणतो.

* * *

आमच्याकडे २०२४ वायआर-४ या लघुग्रहाने दोन महिने मुक्काम केला होता. साठेक मीटरचा दगड, २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता. २०२५च्या जानेवारीत एक टक्का, मग दोन, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. दहा वर्षांची लेक रोज सकाळी उठून आधी आकडा विचारायची. दीर म्हणाले, "आकडा वाढतोय म्हणजे आतून त्यांना माहीत आहे. हळूहळू सोडतायत बातमी." लेक रडायला लागली. मला दिरांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आकडा वाढतो म्हणजे संकट जवळ येतं, अजून काय?

शेवटी टॉर्चने सुटलं. भिंतीवर बारीक स्टिकर लावला, ती पृथ्वी. टॉर्च लांब धरून प्रकाशाचा मोठा गोल पाडला. दगड या गोलात कुठेतरी असणार, एवढंच माहीत आहे. त्यात स्टिकरचा वाटा किती? चिमूटभर. मग टॉर्च जवळ नेत गेलो. गोल लहान होतो, स्टिकर अजून आतच, म्हणून त्याचा वाटा वाढत जातो. अजून जवळ नेलं, आणि गोल इतका आवळला की स्टिकर अंधारात! लेक ओरडली, "सुटली!" आठवडाभरात बातमीतला आकडाही तसाच जवळजवळ शून्यावर आला. निरीक्षणं वाढली, गोल आवळला, बस.

दीर मात्र म्हणाले, "बघ, दाबली बातमी." वाढला तरी तेच बरोबर, घटला तरी तेच. अशा माणसाला टॉर्च कुठून दाखवायचा?

* * *

मी निवृत्त डॉक्टर. इथे शंका घेणाऱ्या सामान्य माणसांच्या गमती चालल्या आहेत, एक आमचीही लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी शिकाऊ होतो. जठराच्या अल्सरमागे जंतू असतात असं ऑस्ट्रेलियातले दोन डॉक्टर म्हणतायत, ही बातमी आमच्यापर्यंत आली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "जठरातल्या आम्लात जंतू जगतो म्हणे!" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो, कारण ते माझ्याकडे बघत होते. अल्सर म्हणजे ताण आणि वाढलेलं आम्ल, हे आम्ही परीक्षेत लिहून पास झालो होतो. कुणी ऐकत नाही म्हणून बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अल्सर आता बहुतेकदा काही दिवसांच्या अँटिबायोटिक्सनी बरा होतो.

माझ्या सख्ख्या मामांना जुना अल्सर होता. आमच्या त्या हसण्याच्याच सुमारास त्यांच्या जठराचा मोठा भाग कापून काढला गेला. खूप वर्षांनी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा गोळ्यांनी भागलं असतं?" मी म्हटलं, बहुधा हो. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि नेहमीसारखं अर्धंच वाढलेलं ताट पुढे ओढलं.

* * *

डॉक्टर उशिरा विश्वास ठेवून चुकले, मी लवकर ठेवून.

२३ मार्च १९८९ ला पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी यूटामध्ये पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की जड पाणी आणि पॅलॅडियम हा धातू घेऊन टेबलावरच्या भांड्यात अणुकेंद्रांचं मीलन (फ्यूजन) घडवलं. मी होस्टेलच्या जिन्यात उभा राहून भाषण ठोकलं. कोळसा संपला, तेल संपलं, वीज फुकट! काही महिन्यांत दावा कोसळला. जगभर प्रयोग झाले, भरवशाचं काही निघेना. तेव्हापासून मित्र मला ‘कोल्ड फ्यूजन’ म्हणतात. पस्तीस वर्षं झाली, नातवंडं आली, नाव तेच.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या, लेझरने फ्यूजन घडवणाऱ्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी मलाच मेसेज केले. लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत गेली, ३.१५ बाहेर आली. माझं पहिलं वाक्य: "भिंतीतल्या प्लगमधून किती ओढली ते सांगा." सुमारे ३०० मेगाज्यूल. झालं, मी विजयी मुद्रेने सगळ्यांना पाठवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे त्यांनीच सांगितलंय. लपवलंय कुणी?"

खरंय. प्रयोगाचा उद्देश वीज बनवणं नव्हताच. इंधनावर पडली त्याहून जास्त ऊर्जा इंधनातून निघते का एवढंच बघायचं होतं, आणि ती निघाली. मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि मी बसलो होतो हिशेबातली चूक शोधत. त्या जिन्यातल्या पोराने टाळी तरी वाजवली असती.

* * *

आठवीच्या वर्गात: "बाई, माणूस चंद्रावर गेला हे खोटं आहे. दुर्बिणीतून झेंडा का दिसत नाही?"

प्रश्न रास्त. हबलसारखी दुर्बीणही चंद्रावरची नव्वदेक मीटरहून लहान वस्तू वेगळी दाखवू शकत नाही, मग झेंडा कुठला दिसायला? मी पुढे म्हटलं, पण अंतराळवीरांनी तिथे आरसे ठेवलेत. पृथ्वीवरून लेझर मारला की अडीच सेकंदांत परत येतो. त्यावरूनच कळलं की चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब जातोय. पोरगी म्हणाली, "आरसा यंत्रानेपण ठेवता येईल ना?"

घरी जाऊन शोधलं. १९७० मध्ये सोव्हिएत लुनोखोद गाडी माणसाशिवाय चंद्रावर फिरली होती, आणि तिच्यावर आरसा होता! दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं की नुसता आरसा हा पुरावा पुरत नाही. मग अंतराळवीरांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीचं सांगितलं आणि चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेल्या त्यांच्या पायवाटा दाखवल्या. "तो फोटोपण नासाचाच ना?" मग आपल्या चांद्रयान-२ ने टिपलेला, अपोलो ११ जिथे उतरलं तिथला फोटो. तिने बराच वेळ बघितला. "हं. मग ठीक आहे."

इतकी मेहनत मला तपासणीला साहेब येणार असतानाही घ्यावी लागली नव्हती.

* * *

ग्रंथपाल आहे. हल्ली उलटंच दिसतं. माणूस चंद्रावर गेला यावर शंका घेणारे एक सद्गृहस्थ पाच लेखांची यादी घेऊन आले. एआयने दिलेली. त्यातले तीन अस्तित्वातच नव्हते. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "तुमच्याकडे नसतील."

* * *

(पुन्हा फार्मासिस्ट.) धागाकर्ती, बाबांची वायर एकदा बरोबर निघाली हे कळलं. एकूण किती वेळा म्हणाले होते? कशाच्या मानाने एकदा?

* * *

पकडलंत! बाबांना विचारलं तर हात झटकले, म्हणून मीच आठवून सांगते. हिग्ज कण, २०१२: वायर. कृष्णविवराचा फोटो, २०१९: वायर. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींची (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) बातमी आली तेव्हा तर कहर. त्या टिपणाऱ्या यंत्राच्या चार किलोमीटरच्या बाहूची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी बदलली, हे ऐकून म्हणाले, "पलीकडून मांजर गेलं असेल." मी म्हटलं, तीन हजार किलोमीटरवरच्या दोन ठिकाणी, काही मिलिसेकंदांच्या फरकाने, तोच आकार उमटलाय. म्हणाले, "दोन मांजरं."

काल त्यांना सांगितलं की तिथल्या शास्त्रज्ञांच्या मनातही आधी तेच आलं होतं. २०१० मध्ये त्यांची परीक्षा घ्यायला मुद्दाम खोटा संकेत गुपचूप घातला गेला होता आणि तो खोटा आहे हे कित्येक महिन्यांनी उघड केलं. त्यामुळे २०१५च्या सप्टेंबरात खरा संकेत आला तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा हेच विचारलं, की हा पुन्हा कुणी घातलाय का? ते सगळं तपासून मग पाच महिन्यांनी जाहीर केलं.

बाबा म्हणाले, "मग? तपासा म्हणूनच तर सांगत होतो मी."

तुम्ही ‘असेल’ म्हणाला होतात बाबा, ‘तपासा’ नाही. हे मी बोलले. तर उठून कपाट उघडलं आणि कात्रणाची सुटलेली कड दाबून बसवत बसले.