डीएफ म्हणतं ९१ जीबी, डीयू म्हणतं ३८. मधले ५३ जीबी कुठे गेले?

प्रश्न (इंदूर)
नमस्कार मंडळी. विजयनगरच्या ऑफिसात उबुंटूचा सर्व्हर आहे. रूट पार्टिशन (मुख्य, ‘/’) १०० जीबीचं, फाइलसिस्टीम ईएक्सटी४. ‘डीएफ -एच’ला (डिस्कवर किती जागा वापरली ते सांगणारी कमांड) साइज ९८, यूज्ड ९१, अव्हेलेबल २ जीबी दिसतं. रूट (अ‍ॅडमिन) होऊन ‘डीयू -एक्सएसएच /’ (फाइलींच्या साइजची बेरीज) चालवलं तर बेरीज फक्त ३८. ‘डीएफ -आय’प्रमाणे आयनोड (डिस्कवरची फाइलीची नोंद) भरपूर शिल्लक आहेत. मशीनवर टॉमकॅट (जावा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) आहे, रात्रीचा बॅकअप ‘/बॅकअप’वर माउंट केलेल्या (जोडलेल्या) एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर जातो. दिवसा मशीन रीबूट करता येणार नाही.

उत्तर (बडोदा)
डीयू फोल्डरांतून फिरून नावं सापडतील तेवढंच मोजतं, डीएफ फाइलसिस्टीमचा हिशेब वाचतं. म्हणजे ज्यांचं नाव पुसलं गेलं पण ज्या कुणीतरी उघड्या धरून ठेवल्यात, अशा फाइली आधी शोधा: ‘एलएसओएफ +एल१’ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड), यातला +नंतरचा एल कॅपिटल. शेवटी ‘डिलीटेड’ लिहिलेल्या ओळींचा साइज बघा. माझा पहिला संशय टॉमकॅटच्या ‘कॅटालिना.आउट’ या लॉग फाइलीवर. लॉगरोटेट (जुने लॉग आवरणारं साधन) ती फाइल बाजूला करून, गझिप करून मूळ पुसतं. टॉमकॅट मात्र त्याच जुन्या आयनोडवर लिहीत राहतं.

टॉमकॅट रीस्टार्ट केलं की जागा लगेच सुटेल. तेही जमत नसेल तर एलएसओएफमधला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एफडीचा (उघड्या फाइलीचा) आकडा घ्या आणि ‘/प्रॉक/पीआयडी/एफडी/आकडा’ ही फाइल शून्यावर आणा (‘ट्रंकेट -एस ०’). मजकूर हवा असेल तर आधी त्याच वाटेवरून तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, नंतर मिळणार नाही. मायएसक्यूएलच्या डिलीटेड टेंप फाइलींवर हा प्रयोग कृपा करून करू नका, डेटाबेस कोसळेल.

प्रश्नकर्ता
कॅटालिना.आउटच निघाली, १९ जीबी. शून्यावर आणली, यूज्ड ७२ झालं. अजून ३४ जीबीचा फरक आहे, आणि आता एलएसओएफमध्ये मोठं काही नाही.

उत्तर (ग्वाल्हेर)
मग ते ‘/बॅकअप’च्या खाली दडलेले असणार. वीज जाऊन आल्यावर एनएएस उशिरा उठतो, एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) ‘नोफेल’ असल्यामुळे सर्व्हर त्याच्यावाचून सुरू होतो आणि रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रूट पार्टिशनच्याच रिकाम्या ‘/बॅकअप’ फोल्डरात लिहितो. पुढे कधीतरी एनएएस माउंट झाला की त्या फाइलींवर झाकण बसतं आणि डीयूला त्या दिसेनाशा होतात.

अनमाउंट न करता बघता येतं. एक रिकामं फोल्डर करा, समजा ‘/एमएनटी/मूळ’, आणि ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’ द्या, म्हणजे रूट पार्टिशन तिथेही दिसेल. साधा बाइंड वरची माउंट सोबत घेत नाही, त्यामुळे ‘/एमएनटी/मूळ/बॅकअप’मध्ये खालचंच दिसेल. तिथे डीयू चालवा. पुसण्याआधी त्याच तारखांच्या फाइली एनएएसवर आहेत का ते ताडून बघा. ज्या रात्री एनएएस नव्हता, त्या रात्रीची एकमेव प्रत तिथेच असेल. हवं ते एनएएसवर हलवा, बाकीचं पुसा, मग ‘अमाउंट /एमएनटी/मूळ’.

आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप’ तपासा, नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबू दे. बाइंड चालू असतानाच खालच्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअ‍ॅटर +आय’ (बदल करायला बंदी) लावलंत तर रूटलाही तिथे लिहिता येणार नाही.

उत्तर (बडोदा)
दोन गोष्टी राहिल्या. लॉगरोटेटच्या टॉमकॅटच्या फाइलीत ‘कॉपीट्रंकेट’ घाला, नाहीतर १९ जीबी पुन्हा साचतील. कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी हरवू शकतात, एवढं धरून चाला. दुसरं, ९८ मधून ९१ गेले तर ७ उरायला हवेत, तुम्हाला २ दिसत होते. ते ५ जीबी ईएक्सटी४ने रूटसाठी राखलेले ५ टक्के आहेत. ‘ट्यून२एफएस -एम १’ने चालू मशीनवरही १ टक्का करता येतात, सुमारे ४ जीबी मोकळे होतील. रूट पार्टिशनवर शून्य करू नका. डिस्क गच्च भरली की लॉगिन करून साफसफाई करायला तीच जागा लागते.

प्रश्नकर्ता
‘/बॅकअप’खाली ३४ जीबी सापडले, सलग ४ रात्रींचे डंप. त्यातल्या दोन रात्रींचे एनएएसवर नव्हते, ते आधी हलवतो आहे.