मदत हवी आहे: सिल्व्हर लेस्ड वायनडॉट जातीचा कोणता कोंबडा ठेवू?

मंडळी, पैदाशीसाठी एकच नर ठेवायचा आहे आणि दोघांत निर्णय होत नाहीये.

पहिल्याची छाती बघत राहावी अशी आहे. प्रत्येक पीस मधे स्वच्छ पांढरं, कडेला बारीक, एकसारखी काळी किनार, ती थेट मांडीपर्यंत उतरलेली. पण अंगाने अरुंद, आणि मानेच्या व पाठीच्या पिसांवर पिवळसर झाक. झाक उन्हाने आली असेल तर चिंता नाही. सोनेरी जनुक दडलेलं असेल तर मात्र त्याच्या साधारण निम्म्या मुली सोनेरी निघतील, कारण मादीला हा रंग बापाकडूनच मिळतो. सावलीत ठेवून नवी पिसं येऊ दिली तर फरक कळेल का?

दुसरा भरदार, रुंद पाठीचा, पाय एकमेकांपासून छान लांब. पण पांढऱ्या भागात काळे ठिपके आहेत आणि काही पिसांना काळ्या किनारीबाहेर पुन्हा पांढरी कड. माझ्या माद्यांची किनार आधीच जाड आहे.

मला स्वतःला बांधा आधी, रंग नंतर असं वाटतं. तुमचा अनुभव काय?

आणखी एक. दुसऱ्याची आई एकेरी तुऱ्याची आहे. रोझ कोंबचं (या जातीच्या रुंद, चपट्या तुऱ्याचं) जनुक आईबाप दोघांकडूनही आलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते, म्हणून याच्यासारखा, ते जनुक एकाकडूनच आलेला मिश्र नर कोणी मुद्दाम ठेवतं का? आणि मग एकेरी तुऱ्याची पिल्लं निघाली तर त्यांचं काय करता?