फसलं, पण हसलो : आपापले अनुभव लिहा

तळ्याकाठी

आज सीएचा निकाल लागला. आमच्या मजल्यावरच्या मुलाचं राहिलं. एरवी त्यांच्या मालिकेचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येतो, आज सात वाजून गेले तरी टीव्ही लागला नव्हता. कुकर लावता लावता मला माझी २००४ ची संध्याकाळ आठवली.

फायनलचा पहिला ग्रुप. चारही पेपरांत चाळिसाच्या वर होते, पण बेरीज २०० हवी होती, आली १९७. तिसरी खेप. गोखले रोडवरच्या सायबर कॅफेतून घरी आले नि भिंतीकडे तोंड करून पडले. आई दोनदा डोकावून गेली. बाबा वागळे इस्टेटला एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर होते, दुसरी पाळी संपवून साडेअकराला आले. आईने दारातच सांगितलं असणार. ते काही बोलले नाहीत. कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी बुश, जाड नळीसारखा यंत्राचा भाग, काढला नि माझ्या उशाशी ठेवला. म्हणाले, "हा माझा नापास."

नोकरीच्या पहिल्या महिन्यातला जॉब, म्हणजे लेथवर घडवायला दिलेला तुकडा. ४१ मिलिमीटरचा व्यास ४० वर आणायचा होता. एक काढायचा म्हणून त्यांनी कापायचं टूल एक मिलिमीटर आत घेतलं. लेथवर काम केलेल्यांना इथेच कळलं असेल. टूल एकाच बाजूला असतं, पण जॉब फिरत असतो, त्यामुळे व्यासातून दुप्पट जातं. झाला ३९. फोरमनने माप घ्यायचा व्हर्निअर लावला, वर बघितलं, पुन्हा लावला. बाबांना वाटलं, गेली नोकरी. तर फोरमन खो खो हसले आणि स्वतःचा ड्रॉवर ओढून दाखवला. आत त्यांचे स्वतःचे बिघडलेले सहा-सात जॉब. "जास्त असलं तर काढता येतं, काढलेलं चिकटवता येत नाही. तुझा एकच आहे रे, माझं दुकान झालंय."

बाबा हे चष्मा कपाळावर चढवून, फोरमनच्या आवाजात सांगत होते. मी रडता रडता हसायला लागले. आई उठून आली, "एवढ्या रात्री काय चाललंय?" तिला सांगताना बाबांनाच हसू आवरेना. साडेबाराला तिघांनी पोहे खाल्ले. १९७ चे १९७च राहिले, पण दुसऱ्या दिवसापासून तो आकडा मला मोठ्याने सांगता यायला लागला.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. मला आज वाचायची गरज आहे.

ऐरोलीची_सून

कळव्याला मावशीकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, आणि मी दादरहून फास्ट पकडली. फास्ट कळव्याला थांबत नाही. ठाणं गेलं, बोगदा आला तेव्हा पोटात गोळा. रडवेली होऊन शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनी मांडीवरची मटारची पिशवी माझ्यापुढे केली. "आता डोंबिवलीपर्यंत काही होत नाही, सोल." अख्खा डबा हसला, मीपण. पाऊण तास उशिरा पोचले, नखं हिरवी. मुलगा म्हणाला, "वाटाणे सोलत होतात का?" तो आता बाजूला घोरतोय.

घणसोलीकर

@ऐरोलीची_सून तेव्हा फास्ट पारसिकच्या बोगद्यातूनच जायच्या ना? १९१६ सालचा बोगदा तो. आम्ही लहानपणी आत शिरलो की ओरडायचो. बाकी धाग्याबद्दल रात्री लिहितो, आत्ता मुलीला क्लासला सोडायचंय.

विंगेतला_माणूस

तळ्याकाठी, डोळे भरले वाचताना.

गडकरी रंगायतन, कॉलेजची एकांकिका. फोन वाजतो, मी उचलतो, वाईट बातमी कळते, असा प्रसंग. ध्वनी सांभाळणारा मित्र विंगेत पान चुकला. घंटी वाजेना. थोडं थांबलो आणि मग घाबरून रिसीव्हर उचललाच. "हॅलो" म्हटलं नि तेव्हाच घंटी सुरू झाली. माझ्या कानाला रिसीव्हर आणि फोन वाजतोय! माझं तर डोकंच बंद पडलं. माझ्या आईची भूमिका करणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "आपला फोन असाच आहे रे, उचलल्याशिवाय वाजत नाही." बाल्कनीपासून हशा. आणि खरी गंमत पुढे आहे. लोक एवढे मोकळे हसले होते, की नंतर जेव्हा बातमी आली तेव्हा थिएटर एकदम चिडीचूप झालं. तालमीत तो प्रसंग इतका कधीच रंगला नव्हता. नंबर आला नाही. पण तिच्याबद्दल आजही मनात कृतज्ञता आहे.

कोपरखैरणे_फराळ

मी पटकन लिहिते, दूध ठेवलंय गॅसवर. फराळाच्या ऑर्डरचं पहिलं वर्ष, आठ किलो चकली. मोहन जास्त झालं. चकली तेलात टाकली की विरघळायची, झाऱ्यात नुसता चुरा. रात्री दोनला मी जमिनीवर बसून रडतेय. सासूबाई आल्या, परातीतला चुरा चिमटीने खाल्ला, म्हणाल्या, "चव झकास आहे गं. चकलीला फक्त आकाराचाच अभिमान नडतो." मग कांदा-टोमॅटो चिरून दोघींनी तिथेच भेळ केली. पैसे परत केले सगळ्यांचे, ते वर्ष तोट्यातच गेलं. पण सासूबाईंची आणि माझी मैत्री त्या रात्रीची. त्या गेल्या गेल्या वर्षी.

ऐरोलीची_सून

अगं 🙏 किती गोड होत्या.

तुर्भे_स्टोअर्स

मोहन किती घालता? माझ्यापण विरघळतात.

नववीब

मी थोडं वेगळं लिहितोय, कोणाला राग येऊ नये. माझ्या वाट्याला हे हसणं दुसऱ्या टोकाकडून आलं. शाळेत, नाव सांगत नाही, सर गणिताचे कमी मार्क मोठ्याने वाचायचे आणि वर्गाला हसायला लावायचे. मी पन्नाशीला आलो, अजून बँकेत स्लिप भरताना आकडा तीनदा तपासतो. त्यामुळे "हसा नि विसरा" असं कोणी म्हटलं की अंगावर काटा येतो.

तळ्याकाठी

@नववीब राग कसला, बरं झालं लिहिलंत. मी आता तेच आठवून बघतेय. बाबा माझ्या १९७ ला हसले नाहीत, एकदाही नाही. आधी त्यांनी स्वतःचा बुश ठेवला. फोरमननेही आधी ड्रॉवर उघडला. तुमच्या सरांनी कधी स्वतःचा ड्रॉवर उघडलाच नाही.

नववीब

हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. धन्यवाद.

रबाळे_क्यूसी

लेथचा किस्सा वाचून राहवलं नाही. मापांच्या चुकांवर पंचवीस वर्षं पोट भरतोय. कंपनीच्या कामाने स्टॉकहोमला गेलो तेव्हा 'वासा' बघितलं. स्वीडनच्या राजाची युद्धनौका, ६४ तोफा. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीला निघाली आणि जेमतेम १३०० मीटरवर बुडाली. वरचा भाग जड, खाली पुरेसं वजन नाही, वाऱ्याच्या झोताने कलंडली नि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. १९६१ ला वर काढली, आता संग्रहालयात आहे.

मला खिळवून ठेवलं ते सुतारांच्या मोजपट्ट्यांनी. जहाजावर चार सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या! एकाच जहाजावर दोन फूट. त्याहून पुढचं ऐका. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डुलायला लागलं, की चाचणीच थांबवली. कारण बुडेल! आणि तरी पाठवलं, कारण राजाला घाई होती. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणालाच नाही.

माणसं गेली त्यात, तीसएक, त्याचं हसू येत नाही. पण चाचणी थांबवणारा तो माणूस मला ओळखीचा वाटला. डिस्पॅचची तारीख गळ्याशी आली, की आमच्याकडेही माप तपासायचं गेज बाजूला ठेवलं जातं. परत आल्यावर नव्या मुलांना पहिल्या दिवशी वासा सांगतो. हसतात. मग विचारतो, तुमची पट्टी कुठली? त्यानंतर चूक झाली की मुलं लपवत नाहीत, "सर, वासा झाला" म्हणून स्वतः येतात. मला यापेक्षा जास्त काही नको.

विंगेतला_माणूस

"सर, वासा झाला" 😄 आमच्या ऑफिसात सुरू करतो उद्यापासून.

घणसोलीकर

सुट्टीवर वाशीचा खाडीपूल आणि मिसळ एवढंच बघितलेला माणूस मी, स्टॉकहोम कुठलं. मिसळीवरून आठवलं, मामलेदारला रविवारी सकाळी किती गर्दी असते हल्ली? पाहुणे येणार आहेत.

ऐरोलीची_सून

आठच्या आत जा. आणि तिखट मागताना विचार करून मागा.

रबाळे_क्यूसी

तळ्याकाठी, त्या मुलाकडे जाऊन आलात का?

तळ्याकाठी

आत्ताच आले. बुश घेऊन गेले होते. दार त्याच्या आईने उघडलं, डोळे सुजलेले. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करूनच होता. मी सगळी गोष्ट सांगितली, पण बाबांसारखी काही जमली नाही, मध्येच माझा आवाज गेला. त्याला लेथ म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. हसला वगैरे नाही. विचारलं, "आजोबांचा पगार कापला का?" म्हटलं, कापला असेल रे, त्यांनी कधी सांगितलं नाही. मग उठून कंपासमधली पट्टी काढली, बुशावर धरली. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "काकू, एकोणचाळीसच आहे." "उद्यापर्यंत ठेवू का?" म्हणाला. ठेव म्हटलं.

निघताना त्याच्या आईने टीव्ही लावला.

नववीब

🙏

कोपरखैरणे_फराळ

दूध उतू गेलं शेवटी, ओटा पुसून आले. @तुर्भे_स्टोअर्स, चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत मोहन, त्याहून जास्त नाही. आणि आधी एकच चकली तळून बघा. विरघळली तर त्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा.