कंबर कशाने धरली, कशाने सुटली? आपापले अनुभव लिहा

आठचीलोकल
मार्चमधली गोष्ट. सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरत होतो, तेवढ्यात शिंक आली आणि कंबरेत खटकन काहीतरी झालं. पडलो नाही पण सरळही होता येईना, बायको बाहेरून विचारतेय काय झालं आणि मी आपला काटकोनात उभा. तिथून पलंगापर्यंत यायला दहा मिनिटं लागली. वय ४१, रोज डोंबिवली ते सीएसएमटी, बहुतेकदा उभ्यानेच.

डॉक्टर म्हणाले एमआरआय एवढ्यात नको, पायात कळ नाही, ताकद व्यवस्थित आहे. पण मला कुठे धीर! हट्ट करून काढला. रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ (कंबरेचे अगदी खालचे मणके) दोन्हीकडे डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, शिवाय डिजनरेशन (झीज) वगैरे. रात्रभर गूगल केलं, पहाटेपर्यंत मनाने व्हीलचेअरमध्ये बसलेलो होतो. दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी रिपोर्ट बघून आधी विचारलं, हे वाचून झोप लागली का? मग सांगितलं की कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला होता, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये बल्ज दिसला आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये. केस पिकतात तशी मणक्यातली गादीही पिकते म्हणाल्या. मी चार दिवस आडवा होतो त्याबद्दल मात्र बोलणी खाल्ली, एखाद दिवस ठीक, पुढे घरातल्या घरात का होईना फिरत राहायचं. साधारण सहा आठवड्यांत लोकल धरली.

आता भीती एवढीच की परत होणार. तुमचं काय झालं, काय केलं, कशावर पैसे फुकट गेले ते लिहा. गोळ्यांची नावं नकोत, कुणीतरी वाचून आणून खातं.

पायाळू१
मी जन्मतः पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी. आमच्या गावात (कोल्हापूरकडे) कुणाला उसण भरली की मला शाळेतून बोलवायला यायचे. माणूस पालथा झोपणार, मी त्याच्या कंबरेवर लाथ मारणार, हलकीच हां, आणि खोबरं-गूळ घेऊन घरी. काय रुबाब होता राव. मोठमोठी माणसं, आमचे मुख्याध्यापकसुद्धा पालथे झोपलेत माझ्यासमोर.

आता कळतं की साधी उसण आठ-पंधरा दिवसांत बऱ्याचदा आपलीआपणच उतरते, त्यामुळे शेवटी ज्याच्याकडे गेलात त्याला क्रेडिट, मग तो पायाळू असो, तेलवाला असो नाहीतर हजार रुपये फी घेणारा असो. माझी स्वतःची धरली तेव्हा दुसरा पायाळू कुठून आणू? गरम पाण्याची पिशवी आणि अंगणात फेऱ्या. उठताना एकदम सरळ न उठता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठायचं, हे एक शिकलो तेवढं आजही करतो.

सड्यावरची
आमच्याकडे सिंधुदुर्गात भातलावणी आली की सगळ्याच बायकांची कंबर दुखते, त्याला कुणी आजार म्हणतच नाही. तरवा (भाताची रोपं) काढायचा तो वाकून, लावायचा तो वाकून, गुडघाभर चिखल आणि वर पाऊस. सकाळी आठला वाकलेली बाई जेवायलाच सरळ होते. तुमच्या त्या खुर्चीवर कसं बसावं छाप व्हिडिओंचा इथे काय उपयोग सांगा. माझं दुखणं गेल्या वर्षी कंबरेतून पायात उतरलं, कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखं, खोकलं तरी कळ. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला तर मी अर्ध्यावरच ओरडले. सायटिका म्हणाले. ऑपरेशन करावं लागणार या भीतीने मी आधी महिनाभर गेलेच नव्हते, आणि त्यांनी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही, म्हणाले बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळदा आपसूक आक्रसतो, तीन महिने धीर धरा, पायातली ताकद कमी झाली तर मात्र लगेच या. पालथं झोपून कोपरांवर रेलायचं, मग हळूहळू भुजंगासनासारखं, त्याने पायातली कळ वर वर सरकत कंबरेत आली. ते चांगलं लक्षण असतं म्हणे, मला आधी उलटंच वाटलं होतं. (सगळ्यांना हा व्यायाम चालत नाही, माझ्या जावेचं याच्याने वाढलं.)

या वर्षी लावणी केली, पण दर अर्ध्या तासाने बांधावर येऊन हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं. बाकीच्या हसायच्या. आता चौघीजणी करतात.

गोधडी
कडक गादी घ्यावी की मऊ? घरात दोन तट पडलेत, सासरे म्हणतात जमिनीवर सतरंजी.

संत्रानगरी
माझी वेगळी केस आहे म्हणून लिहितो. बाविसाव्या वर्षापासून दुखायचं, पण पहाटे चारला जाग यायची दुखण्याने, उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी, आणि कामाला लागलं की मोकळी. आराम केला की जास्त. सगळे म्हणायचे बाईक कमी चालव, नागपूरचे खड्डे. चार वर्षं ट्रॅक्शन, पट्टा, मालिश, शेक. मधेच डोळा लाल होऊन खूप दुखला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीच्या आजूबाजूची सूज म्हणून थेंब दिले आणि जाता जाता विचारलं, कंबर दुखते का रे? त्या एका प्रश्नाने सुटलो. संधिवाततज्ज्ञांकडे गेलो, एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. हा गादीचा आजारच नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. औषधं चालू आहेत, रोज पोहतो. तरुण वय आणि आरामाने वाढणारी, हालचालीने कमी होणारी कंबर असेल तर फिजिओच्या आधी हे तपासून घ्या.

शांतकोपरा
लिहू की नको करत होते. माझ्या बहिणीला दोन महिने सायटिका होता, सगळे म्हणत होते होईल बरं, आणि वरच्या लोकांसारखं झालंही असतं. पण एका शनिवारी दोन्ही पाय जड झाले आणि संध्याकाळी तिला लघवीला होईना. तासभर बाथरूममध्ये बसून बाहेर आली, म्हणाली स्कूटरच्या सीटला जो भाग टेकतो ना तो सगळा बधिर वाटतोय, पुसलेलं कळत नाही. आम्हाला वाटलं गोळीने झालं असेल, रविवारी दवाखाने बंद, सोमवारी दाखवू. चुलत भाऊ होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, त्याने फोनवर ऐकलं आणि अक्षरशः ओरडला, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. कॉडा इक्विना, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो झुपका असतो त्यावर गादीचा मोठा तुकडा दाबला गेला होता. रात्रीच एमआरआय, पहाटे ऑपरेशन. यात तास मोजतात, दिवस नाही. चालते आता, लघवीचं पूर्ववत व्हायला सात महिने गेले.

म्हणून, घाबरू नका हे खरंच आहे, पण ही दोन-तीन लक्षणं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बायका तर लाजेने बोलत नाहीत. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, हेही अंगावर काढू नका, आपल्याकडे मणक्याचा टीबी काही कमी नाही.

आठचीलोकल
@शांतकोपरा बरं झालं लिहिलंत. वरच लिहून टाकायला हवं होतं हे मीच.

निवृत्तपास
आमच्या मंडळींचं. वय ६८, एसटीत शेवटच्या सीटवर बसलो होतो, स्पीडब्रेकरवर ड्रायव्हरने गाडी उडवली, ही वर जाऊन खाली आदळली. पडली नाही, लागलं नाही, पण घरी आल्यावर पाठीखाली सणसणीत दुखणं. मी म्हणालो गॅस. आठ दिवस ओवा खाल्ला. एक्स-रेत मणका पाचरीसारखा दबलेला निघाला, हाडं ठिसूळ. डेक्सा नावाची तपासणी केली, आता हाडांची औषधं, ड जीवनसत्त्व. पाठ चोळून देणारी बाई लावली होती ती आधी बंद केली. मोठ्या बायकांनी मागच्या सीटवर बसू नये, जागा नसेल तर पुढची गाडी.

सिडनीकर
धागाकर्त्याच्या परत होण्याच्या भीतीबद्दल. इकडे सिडनीत याच विषयावर अभ्यास झाला, २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, माझ्या फिजिओने दाखवला. नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ लोक घेतले, निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि दुखण्याबद्दल समजावलं, निम्म्यांना काहीच नाही. चालणाऱ्यांत पुन्हा दुखणं उपटायला मध्यक (म्हणजे ओळीने लावले तर मधल्या माणसाला) २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२. म्हणजे कायमचं जात नाही, पण लांबतं. लक्ष्य होतं सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. मी चौदाशे डॉलरची खुर्ची घेतली होती त्याआधी. खुर्ची छान आहे, कपडे वाळत घालतो तिच्यावर.

@गोधडी, माझ्या वाचनात मध्यम कडक गादी बरी. सासऱ्यांना जमिनीवरून उठताना त्रास होत नसेल तर झोपू दे की.

पायाळू१
शिंकेवर कुणीच बोललं नाही! शिंक येतेय वाटलं की वाकून राहायचं नाही, सरळ व्हायचं आणि हात भिंतीला नाहीतर टेबलाला टेकवायचा. बेसिनवर तर एक हात कायम कट्ट्यावर.

आठचीलोकल
हे जमलं. चालणंही सुरू केलंय, एक स्टेशन आधी उतरून मस्जिदपासून चालत. आणि काल ऑफिसच्या पँट्रीत शिंक आली, सरळ झालो, भिंत धरली, दुसऱ्या हातातला चहा साहेबांच्या शर्टावर. कंबरेला काही नाही.