पाच जणांचा प्रकल्प, एक अहवाल: ऑनलाइन मांडणी कशी करावी?

सहावे_सत्र
मंडळी, पाच जणांचा गट आहे आणि हातात आठ आठवडे. साधारण चाळीस पानी अहवाल, गूगल फॉर्मवरून सर्वेक्षण, त्याचं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत विश्लेषण आणि शेवटी सादरीकरण एवढं काम आहे. सध्या सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. 'अहवाल_अंतिम', 'अहवाल_अंतिम_नवा' आणि 'अहवाल_हाच_घ्या' अशा तीन फायली फिरताहेत आणि तिन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या आहेत. अहवाल एकाच डॉकमध्ये लिहावा की प्रकरणवार? ट्रेलो वगैरे (कामांची यादी बोर्डावर मांडणारी अ‍ॅप) खरंच लागतं का? गुण वैयक्तिक आहेत, तर कोणी किती काम केलं हे दाखवायची सोय काय?

कोरा_कागद
आधी त्या तिन्ही फायलींचा निकाल लावा. एकाने बसून त्या एकत्र कराव्यात. वर्डमध्ये 'कम्पेअर' आहे, दोन फायलींतला फरक रंगवून दाखवतं. तयार झालेली फाइल ड्राइव्हवर चढवा आणि उघडून 'सेव्ह अ‍ॅज गूगल डॉक्स' करा. इथे हमखास गोंधळ होतो: या आज्ञेने नवी फाइल तयार होते, जुनी वर्डची फाइल तिथेच राहते आणि दोघं जण बिनधास्त तिच्यातच लिहीत बसतात. नावाशेजारी '.DOCX' अशी खूण दिसली तर ती जुनी समजा आणि 'जुने' नावाच्या फोल्डरात ढकला.

चाळीस पानांना एक डॉक पुरतं. प्रकरणवार पाच फायली केल्या की शेवटच्या दिवशी जोडताना आकृत्यांचे क्रमांक, मथळ्यांच्या शैली आणि तळटिपा यांचं त्रांगडं होतं. मथळ्यांना पहिल्या दिवसापासून 'हेडिंग १', 'हेडिंग २' द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर अनुक्रमणिकेत येत नाही. अनुक्रमणिकाही आपोआप बदलत नाही, तिच्यावरचं रिफ्रेशचं बटण दाबावं लागतं. फोटो मात्र आकार कमी करूनच टाका, नाहीतर फोनवर डॉक उघडता उघडत नाही.

दुसऱ्याच्या प्रकरणात हात घालायचा तर 'सजेस्टिंग' मोडमध्ये, म्हणजे बदल थेट न होता सूचना म्हणून दिसतो. स्वतःच्या प्रकरणात थेट लिहा. काही बिघडलं तर घाईने जुनी आवृत्ती 'रिस्टोअर' करू नका, कारण त्यानंतर बाकीच्या चौघांनी लिहिलेलंही डॉकमधून मागे जातं. व्हर्जन हिस्टरीत (डॉकच्या जुन्या आवृत्त्यांची नोंद) ती आवृत्ती उघडून हवा तेवढा परिच्छेद कॉपी करून आणा. कंट्रोल झेड फक्त तुमचेच बदल मागे घेतं, दुसऱ्याने पुसलेलं त्याने परत येत नाही.

ओळ_क्रमांक_शून्य
सर्वेक्षणाबद्दल. फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये पडतात तिथे कोणीही काही करायचं नाही. क्रम लावायचा नाही, रकाने हलवायचे नाहीत, 'चुकीची' उत्तरं सुधारायची नाहीत. शेजारच्या रकान्यात सूत्र खाली ओढून ठेवलं तरी नवं उत्तर आलं की नवी ओळ घुसते आणि तिथे सूत्र नसतं. दुसऱ्या टॅबमध्ये 'क्वेरी' सूत्राने उत्तरं ओढून घ्या, साफसफाई तिथे करा. मूळ टॅब 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मधून बंद करून टाका. आणि गाळून पाहायचं असेल तर साधा फिल्टर लावू नका, तो सगळ्यांच्या पडद्यावर लागतो. 'फिल्टर व्ह्यू' करा, तो बाकीच्यांच्या पडद्याला हात लावत नाही.

कोड ड्राइव्हवर ठेवू नका, गिटहबवर ठेवा (कोडचे बदल आणि त्यांचा इतिहास ठेवणारी साइट, ती 'गिट' या साधनावर चालते). प्रत्येकाने आधी पुल (ताजा कोड उतरवणं), मग काम, मग लहानसं कमिट (बदलाची नोंद), मग पुश (तो वर चढवणं). ज्युपिटर नोटबुक (कोड तुकड्यातुकड्याने, म्हणजे सेलमध्ये, चालवायची फाइल) असेल तर जास्त जपा. त्या फाइलमध्ये कोडसोबत आलेख आणि सेल किती वेळा चालवला तो आकडाही साठवलेला असतो, त्यामुळे दोघांनी काही न बदलता नुसतं चालवून पाहिलं तरी कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल आपसांत न जुळणं) येऊ शकतो. कमिटआधी 'क्लिअर ऑल आउटपुट्स' करा, किंवा एका नोटबुकला एकच माणूस ठरवा. दुसरा उपाय मला जास्त पटतो. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही. आणि उत्तरांमध्ये नावं किंवा फोन नंबर असतील तर ती फाइल रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या फोल्डरात) नकोच. एकदा कमिट झालेली गोष्ट पुढे डिलीट केली तरी इतिहासात राहते.

टाचणी
ट्रेलो लागत नाही, असं माझं मत. पाच जण आणि आठ आठवडे यासाठी वेगळं बोर्ड म्हणजे उघडायला आणखी एक जागा, आणि दुसऱ्या आठवड्यानंतर ते कोणी उघडत नाही. ड्राइव्हमध्येच एक शीट करा: काम, कोणाचं, कधीपर्यंत, फाइलची लिंक, आणि 'झालं म्हणजे काय'. हा शेवटचा रकाना सोडू नका. 'प्रकरण दोन लिहिणे' हे काम नाही. 'प्रकरण दोन, सहा पानं, संदर्भांसह, एकाने वाचून शेरे मिटवलेले' हे काम. 'कोणाचं' या रकान्यात एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करू नका, होणारही नाही. पण तिथे फाइल टाकायची नाही, लिंक टाकायची. आणि तिथे ठरलेली गोष्ट त्याच दिवशी शीटमध्ये.

पान_उलटा
संदर्भांचं कोणी बोललं नाही. झोटेरोमध्ये (संदर्भ साठवून मजकुरात घालणारं सॉफ्टवेअर) गटाची लायब्ररी करा आणि सगळ्यांनी तिच्यातूनच संदर्भ घाला. प्रत्येकाने आपापल्या 'माय लायब्ररी'तून घातले तर एकच पुस्तक यादीत दोनदा येतं, कारण झोटेरोच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी. शेवटी डॉक वर्डमध्ये न्यायचं असेल तर नुसतं डाउनलोड करू नका, दुवे तुटतात आणि उरतो तो साधा मजकूर. झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये 'स्विच वर्ड प्रोसेसर्स' आहे, ते आधी चालवा. तेही डॉकच्या प्रतीवर.

सहावे_सत्र
भारी, एकेक लावून घेतो. दोन शंका उरल्या. एक जण आपल्या लॅपटॉपवर वर्डमध्ये लिहून आयतं पेस्ट करतो, चालेल का? आणि मार्गदर्शकांना हिस्टरी दाखवायची तर कॉमेंटचा अ‍ॅक्सेस दिलाय, तो पुरेल?

कोरा_कागद
पेस्ट चालेल, पण ज्याचं त्याने स्वतःच्या खात्यातून करावं. हिस्टरीत आख्खा तुकडा पेस्ट करणाऱ्याच्या नावावर एका झटक्यात दिसतो. सगळ्यांचं एकानेच आणून चिकटवलं तर कागदोपत्री सगळं त्याचंच. न लॉगिन करता लिंकवरून लिहिणारा 'अनामिक' म्हणून नोंदला जातो, तेव्हा 'लिंक असलेला कोणीही' या सोयीवर संपादनाचा हक्क ठेवू नका, पाचही ईमेल नावानिशी जोडा. गिटमध्येही तेच: 'यूजर डॉट ईमेल' ही सेटिंग गिटहब खात्याच्या ईमेलशी जुळत नसेल तर कमिट त्या माणसाच्या नावावर दिसत नाही.

कॉमेंटच्या अ‍ॅक्सेसवर व्हर्जन हिस्टरी दिसत नाही, त्यासाठी एडिटरच लागतो. मार्गदर्शकांना एडिटर करा, आणि शेअरिंगच्या खिडकीतल्या गिअरच्या चिन्हात (सेटिंग्ज) 'एडिटर्स परवानग्या बदलू शकतात' ही खूण काढून टाका. दर आठवड्याला 'नेम करंट व्हर्जन'मधून आवृत्तीला नाव द्या, 'आठवडा ३, मार्गदर्शकांना दाखवलेली' असं. म्हणजे त्यांना शेकडो नोंदींतून शोधावं लागणार नाही. 'मेक अ कॉपी' करून प्रत पाठवू नका, प्रतीसोबत इतिहास येत नाही.

आणि फोल्डर कोणाच्या खात्यात आहे ते आजच पाहा. संस्थेच्या खात्यात असेल तर मालकी बाहेरच्या जीमेलला देता येत नाही, खातं बंद झालं की फायली गेल्या. तिथेच ठेवायचं असेल तर जमा करायच्या दिवशी अहवालाची पीडीएफ, सादरीकरणाची पीडीएफ आणि उत्तरांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) पाचही जणांनी आपापल्याकडे उतरवून घ्या.