लूप 'अडकतो' की 'फिरत राहतो'?

विचारणारा: स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी मराठीत टिपण करतोय. 'इन्फिनिट लूप'ला, म्हणजे त्याच ओळी न थांबता पुन्हापुन्हा चालवणाऱ्या कोडला, 'अनंत चक्र' लिहिलं तर पुराण उघडल्यासारखं वाटतं. 'अडकलेला लूप' चालेल? आणि तो लूप की ते लूप?

कळफलक: तो लूप. 'अडकलेला' मात्र जपून. अडकलेली वस्तू जागची हलत नाही. लूप तर थांबायचं नाव घेत नाही, अडकतो तो स्क्रीन रीडर. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचं ॲडऑन (वरून जोडायचा कोड) पायथन भाषेत असतं. 'व्हाइल' लूपच्या आत शेजारच्या ऑब्जेक्टवर (पडद्यावरच्या बटणासारख्या घटकावर) जायची ओळच राहून गेली, की तोच ऑब्जेक्ट पुन्हापुन्हा तपासला जातो आणि मुख्य थ्रेड, म्हणजे कामांची मुख्य रांग, काही मोकळा होत नाही. आवाज बंद, पण पडद्यावर सगळं आलबेल, म्हणून शेजारचा डोळस माणूस विचारतो, 'कुठं काय बिघडलंय?' अशा वेळी वॉचडॉग, म्हणजे एनव्हीडीएवर नजर ठेवणारा त्याचाच भाग, लॉगमध्ये 'कोअर फ्रोझन इन स्टॅक' (मुख्य भाग, म्हणजे कोअर, गोठला) अशी नोंद करतो आणि कोड कुठल्या ओळीवर होता तेही खाली देतो. म्हणून मी लिहीन: लूप संपत नाही, त्यामुळे कोअर गोठतो.

ओळवाचक: 'गोठतो' हे गप्प बसणाऱ्याला ठीक. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या स्क्रिप्टमध्ये उलटंही होतं. 'पुढची ओळ, वाच' असा लूप लावला आणि शेवटच्या ओळीवर कर्सर हललाच नाही, की तीच ओळ कानावर आदळत राहते. आमच्यात त्याला सरळ 'गुऱ्हाळ' म्हणतात. उपाय म्हणजे प्रत्येक फेरीत कर्सरची जागा आधीच्या जागेशी ताडून बघायची, फेऱ्यांना कमाल मर्यादा घालायची आणि 'इजकीवेटिंग' या फंक्शननं कळ दाबली गेलीय का ते विचारायचं. दाबली असेल तर बाहेर.

कळफलक: गुऱ्हाळ झकास! पण टिपणात 'तीच ओळ वाचत राहतो' असंच लिहा. नवशिक्याला लगेच कळेल. लूप सोडायच्या 'ब्रेक' या आज्ञेसाठीही 'लूप तोडणे' नको, 'लूपमधून बाहेर पडणे' बरं. तोडणे म्हटलं की काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

विचारणारा: मग असं लिहितो: 'लूप संपत नसल्यानं कोअर गोठला, तर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा.'

ओळवाचक: एक भर घाला. लूप सुरुवातीलाच चालणाऱ्या ॲडऑनमध्ये असेल तर पुन्हा सुरू करूनही ये रे माझ्या मागल्या. विंडोज-आर दाबून 'एनव्हीडीए', जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'डिसेबल-ॲडऑन्स' (म्हणजे ॲडऑनशिवाय सुरू हो) असं इंग्रजीत टाइप करायचं. आवाज नसला तरी बोटांना जमतं.